मागच्या बॅचसारखं चॉकलेट

चॉकलेटच्या कारखान्यात नोकरीला आहे असं सांगितलं की समोरच्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. माझ्या तोंडाची चौकशी कधी कुणी केली नाही. वसईजवळ वालीवला पत्र्याच्या शेडांची रांग होती, त्यातली एक शेड आमची. डावीकडे स्क्रू बनायचे, उजवीकडे प्लास्टिकच्या बादल्या, आणि मधे आम्ही. मुंबईत आमच्या चॉकलेटला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. पण विरारपासून पार सुरतेपर्यंत शाळेसमोरच्या दुकानांत गोळ्यांच्या बरणीशेजारी आमचा खोका असायचाच. मी तिथला केमिस्ट. शेठच्या भाषेत 'जीभवाला'.

मी घाटावरचा, साताऱ्याकडचा. बायको गिरीजची, केळी-नारळाच्या वाडीतली. कारखान्याच्या ऑफिसात ती टायपिंग करायची, तिथेच आमचं जमलं. घाटी जावई म्हणून तिच्या घरच्यांनी नाकं मुरडली आणि मुलगी झाल्यावर ती आपोआप सरळ झाली. मुलगी चार वर्षांची असताना बायको काविळीने गेली. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्या दिवसांबद्दल मला आजही नीट बोलता येत नाही, म्हणून बोलत नाही.

सांत्वनाला आलेली माणसं आपापल्या घरी गेली आणि वसई पूर्वेच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि ती पोर उरलो. बिल्डिंगला टँकरचं पाणी, तेही एक दिवसाआड. मला आठ वाजता कामावर हजर व्हायचं. पोरीला ठेवायचं कुणाकडे? बायकोची थोरली बहीण, जिला मी ताई म्हणतो, तिला मूलबाळ नव्हतं. ती आणि माझे साडू मिळून वाडी बघायचे. तीच म्हणाली, "भावोजी, जरा मोठी होऊ द्या तिला आमच्याकडं, मग न्या. गिरीज काय लांब हाय?" लांब नव्हतंच. स्कूटरने अर्ध्या तासाच्या आतलं अंतर. जरा मोठी झाली की न्यायची, असं ठरलं. माझं सगळं जगणं पुढे या एका वाक्यावर उभं राहिलं. आज ना उद्या मुलगी घरी येणार आहे, मधले हे दिवस तेवढे काढायचे आहेत.

दिवस काढायला कारखाना होता. सकाळी अकराला ऑफिसच्या मागच्या खोलीत चव बघायचा कार्यक्रम असे. खिडकीला काळा कागद आणि छताला देव्हाऱ्यात लावतात तसला लाल झिरोचा बल्ब. रंग दिसला की माणूस डोळ्यांनी चाखतो, म्हणून ही व्यवस्था. समोर तीन बशा. दोन बशांत एकच माल, तिसरीत वेगळा. वेगळी बशी कोणती ते ओळखायचं. मधेमधे कोमट पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे, जीभ पुसायला. अकाउंटंट, स्टोअरकीपर, पॅकिंगमधल्या दोन बायका, शेठचा ड्रायव्हर आणि मी, अशी आमची पंगत. ज्या दिवशी चव बघायची त्या दिवशी सकाळपासून कांदा, लसूण, तंबाखू सगळं बंद. ड्रायव्हर तंबाखूविना असा तळमळायचा की त्याला कारल्याची फोड दिली असती तरी त्याने 'उत्तम' म्हणून टाकलं असतं. मला मात्र वेगळं काही सोडावं लागत नसे. एकट्या माणसाच्या स्वयंपाकाला चव तशीही बेताचीच असते.

सुरुवातीची आमची वडी खरंच चांगली होती. स्वतःच्या मालाचं कौतुक कुंभारही करतो, पण हे तसं नाही. त्यात अस्सल कोको बटर होतं, आणि कोको बटरचा गुण असा की ते अंगाच्या उबेला विरघळतं. जिभेवर ठेवलं की चावावं लागत नाही, ते आपलं आपण पातळ होतं आणि घशाखाली उतरतं. मे महिन्यात मात्र दुकानदार शिव्या घालायचे, कारण खोक्यात वड्यांचा चिखल व्हायचा.

शनिवारी कारखाना सुटला की मी स्कूटर थेट गिरीजला काढायचो. ओल्या रुमालात गुंडाळलेल्या दोन वड्या हँडलला टांगलेल्या. एक वडी पोरगी तिथल्या तिथे खायची. हनुवटीपर्यंत तोंड माखायचं, मग बोटं चाटायची, मग वरची चांदी नखाने गुळगुळीत करून पाटीच्या चौकटीत खोचायची. दुसरी वडी आठवड्यासाठी. ती केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत बांधून वाडीत, झाडांना पाणी नेणाऱ्या पाटाच्या कडेला, गार मातीत पुरून ठेवायची. फ्रिज तेव्हा त्या घरी नव्हता. "मुंग्या खातील गं," मी म्हणायचो. "नाय खात, मी हळद टाकलीय," ती मावशीच्या सुरात सांगायची. मग तिला स्कूटरवर पुढे उभी करून मी घरी आणायचो. शनिवारची रात्र आणि रविवारचा सबंध दिवस ती माझी. रविवारी संध्याकाळी परत सोडायचं. सोमवारी सकाळी तिची छोटी चप्पल दाराशी राहिलेली दिसली की मला कामाला जायची इच्छा व्हायची नाही.

मग कोको महागला. शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. "साहेब, भाव वाढवू शकत नाही. पोरगं मुठीत एक नाणं घेऊन येतं. त्या नाण्यात वडी बसली नाही तर ते बाजूची बरणी दाखवतं." बोलणं खोटं नव्हतं. मग थोडं कोको बटर काढून तेवढंच वनस्पती तूप घालून बघायचं ठरलं. लाल दिव्याखाली तीन बशा मांडल्या. पंगतीतल्या बहुतेकांना वेगळी बशी ओळखता आली नाही. मला आली. मी शेठला तसं सांगितलंही. शेठ हसून म्हणाले, "तुमची जीभ तुमच्याकडे ठेवा साहेब, गिऱ्हाइकाला ती कुठे आहे?" बॅच पास झाली.

पुढे काही महिन्यांनी आणखी थोडं तूप वाढलं. मग दुधाची पावडर कमी झाली आणि साखर वाढली. मग साखरेच्या जोडीला कुरकुरीत पोह्यांसारखं काहीतरी आलं, त्याने वडी फुगते आणि वजन भरत नाही. प्रत्येक वेळी लाल दिवा, प्रत्येक वेळी तीन बशा. आणि खरी गोम इथे होती. नवा माल ताडून बघायचा तो चालू मालाशी. त्याच्या आधीचा माल ठेवून उपयोग नसायचा, चॉकलेट जुनं झालं की त्यावर पांढरी झाक येते आणि चव मरते. म्हणून दर वेळी निकाल एकच, मागच्या बॅचसारखं आहे. मागची तिच्या मागच्यासारखी होती. पहिल्यासारखं आहे का, हे विचारायला पहिलं कुठे शिल्लक होतं?

घरीही असंच काहीतरी चाललं होतं, पण तिथे लाल दिवा नव्हता. पोरगी शाळेत जायला लागली. शनिवारी सकाळची शाळा, दुपारी चित्रकलेचा क्लास. ताई म्हणाली, "आज नगं, उद्या सकाळी न्या, दमलीय." बरोबर होतं. मग ती शनिवारची रात्र यायची बंद झाली आणि रविवार उरला. मग एकदा टँकर आला नाही, दोन दिवस पाणी नाही, अशा घरात पोरीला कशाला आणा? त्या रविवारी मीच तिकडे गेलो. विहिरीचं गोड पाणी, वालाचं बिरडं, पोरीच्या उड्या. बरं वाटलं, म्हणून पुढच्या रविवारीही गेलो. पुढे परीक्षा आली, मग सर्दी, मग साडूंच्या पुतण्याचं लग्न. मुलगी माझ्याकडे यायची त्याऐवजी मी तिच्याकडे जायला लागलो. आधी सकाळी जायचो, मग जेवायला, मग जेवण झाल्यावर. एकेक कारण बघितलं तर कुणालाही पटेल असं. मलाही पटत होतं. मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात काय एवढं बिघडलं?

रविवारची संध्याकाळ मात्र पटायची नाही. पंखा गरगरायचा, खाली बिल्डिंगच्या आवारात पोरं क्रिकेट खेळायची, कुणाची तरी आई वरून हाका मारायची. मी कुकरमध्ये वाटीभर भात लावायचो आणि तो दोन वेळा खायचो. शेजारी लग्न लावून द्यायच्या खटपटीत होते. एकदोनदा मुलगी बघायलाही नेलं. पण दुसरी आली तर पोरीला आणायचं राहूनच जाईल, या धास्तीने मी नाही म्हणत गेलो. पोरगी आली की घर भरेल, घाई कशाला, असं मी स्वतःला सांगायचो. वाट बघता बघता पोरगीच लांब चालली आहे, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

ती पाचवीत असताना एकदा वडीचा तुकडा मोडून तिने तळहातावर ठेवला, मूठ मिटली आणि बऱ्याच वेळाने उघडली. तुकडा होता तसा.

"पप्पा, हे बोटाला लागत नाही."

"चांगलंच की. कपडे खराब होत नाहीत."

"पहिलं लागायचं."

शेठ ज्या गोष्टीवर खूश होते तीच तिने बोटावर दाखवली. उन्हातही वितळत नाही, असं आता आमच्या वेष्टनावर छापलेलं होतं. मी तिला वनस्पती तुपाचं शास्त्र सांगितलं. ते वितळायला जास्त उष्णता लागते, म्हणून ते हातात घट्ट राहतं आणि तोंडातही पुरतं विरघळत नाही, टाळूला मेणासारखं बसतं. तिने शहाण्या मुलीसारखं ऐकून घेतलं. तुकडा तोंडात टाकला आणि उरलेली वडी दप्तरात ठेवली. पाटाच्या कडेला पुरायची आता गरजच नव्हती. ताईकडे फ्रिजही आला होता.

दोन हजार साल उलटलं. वडीची किंमत शेवटी वाढलीच, एकदा नाही, पुन्हा पुन्हा वाढली. आणि वाढत्या किमतीबरोबर वडी बारीक होत गेली. नवे साचे आले, त्यांना खालून खोल खाचा. वरून बघावं तर वडी तेवढीच, हातात घ्यावी तर पोकळ. वेष्टनावर 'नवी चव' असं लिहिलेलं. मी दर रविवारी तीच घेऊन जात होतो. आमच्याच कारखान्याची, दुसऱ्याची नेणं मला जमलं नसतं. पूर्वी हँडलला टांगून न्यायचो, आता खिशात घालून न्यायचो. दुधाची तहान ताकावर म्हणतात, इथे ताकसुद्धा पाणी घालून होतं.

त्या सुमाराला एका रविवारी मी ताईच्या ओटीवर बसलो होतो. पोरगी समोर अभ्यास करत होती. फाटकाशी कुणी भाजीवाली आली आणि तिने पोरीला विचारलं, "बाय, आई कुठं हाय तुजी?"

"वाडीत," पोरगी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली.

मग तिच्या लक्षात आलं की मी तिथे बसलोय. तिने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. भाजीवाली वाडीकडे निघून गेली. नंतर माझ्या ध्यानात आलं, माझ्यासमोर ती ताईला कुठलीच हाक मारत नाही. काही हवं असलं तर उठून जवळ जाते आणि सांगते. 'मावशी' तिच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं, ते मला आठवेना. त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोच्या फोटोसमोर बराच वेळ बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

तरीही मी आशा सोडली नव्हती. आता दहावी होऊ दे, कॉलेजला ती माझ्याकडे येईल, असं मी ताईशी बोलून ठेवलं होतं. ताई "हो" म्हणाली होती. बिल्डिंगला नळाचं पाणी आलं होतं, टँकर बंद झाले होते. मी आतली खोली रिकामी केली, आकाशी रंग दिला, टेबल, दिवा, पुस्तकांचं कपाट घेतलं. खिडकीला पडदे शिवून आणले. परीक्षा झाल्यावर तिला खोली दाखवायला आणली. ती म्हणाली, "छान आहे." पलंगाच्या कडेवर बसली, पाहुण्यांकडे बसतात तशी, पिशवी मांडीवर घेऊन. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथून विचारलं, "पप्पा, पेले कुठे असतात?"

निकाल चांगला लागला. त्या रविवारी मी पेढे नेले, सवयीने खिशात वडीही होती. जेवणं झाली. साडू आडवे झाले, ताई भांड्यांना लागली. मुलगी मला म्हणाली, "पप्पा, वाडीत येता?" आम्ही केळींच्या मधून चालत विहिरीपाशी गेलो.

"मी इथूनच कॉलेजला गेले तर चालेल?"

ती कारणं सांगू लागली. बस दारातून मिळते. मावशीचे गुडघे दुखतात, तिला वाकवत नाही. काकांना बाजाराचा हिशोब जमत नाही. मावशी हा शब्द तिने माझ्यासाठी मुद्दाम घेतला होता, तो तिच्या तोंडात अडकत होता. सगळी कारणं खरी होती. इतक्या वर्षांत एकही कारण खोटं नव्हतं.

"कारणं राहू दे," मी म्हणालो. "तुझ्या मनात काय आहे?"

ती विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. "तुमच्याकडे मला भीती वाटत नाही, पप्पा. तुम्ही चांगलेच आहात. पण तिकडे मला पेला शोधावा लागतो. इथे अंधारातही सगळं सापडतं." आणि मग तिला रडू फुटलं. "तुम्ही खोलीला रंग दिलात, पडदे शिवलेत. मला कळतंय सगळं. म्हणून सांगवत नव्हतं."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण सोळा वर्षांच्या मुलीला जवळ कसं घेतात याची सवय मला राहिली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "राहा इथेच." एवढं बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. मग काय करावं सुचेना म्हणून मी खिशातून वडी काढून पुढे केली.

तिने ती घेतली. थोडा वेळ हातात फिरवली.

"पप्पा, रागावू नका. हे आता आणू नका."

"का गं?"

"मी खात नाही. कधीपासूनच नाही खात. टाळूला चिकटतं. बाजूच्या पोरांना देते."

"मग आधी का बोलली नाहीस?"

"तुम्ही बनवता ना ते. मला वाटलं, तुम्हाला कळत नसेल."

"मला कळतं," मी म्हणालो. "सगळ्यांच्या आधी कळतं."

"मग का आणायचात?"

त्या घराच्या फाटकातून आत यायला माझ्या हातात काहीतरी असावं लागायचं. वडीच्या जोरावर मी तिचा बाप होतो. हे मुलीला कसं सांगणार? तीच मग म्हणाली, "नुसते या ना. काही नको. लवकर या, सकाळी."

तो आठवडा मी कसा काढला कोण जाणे. अकराच्या पंगतीला बसलो, तीन बशा चाखल्या. वेगळी बशी कोणती, ते मला त्या दिवशी सांगता आलं नाही. ड्रायव्हरला आलं. आकाशी खोलीचं दार मी लोटून घेतलं होतं, पण पडदे वाऱ्याने आत हलत राहायचे आणि वाटायचं, कुणी आहे.

रविवारी सकाळी निघालो तर हात मोकळे. रस्त्यात फळांच्या गाडीशी थांबलो, पण केळीच्या वाडीत फळं नेली तर माणसं हसतील. तसाच गेलो. फाटकाशी पाऊल अडखळलं, परत फिरावं असंही वाटलं. मुलगी ओटीवर बसली होती, पुढ्यात मेथीचा ढीग. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी जुड्या बांधायच्या होत्या. तिने वर पाहिलं आणि ढीग माझ्याकडे सरकवला.

"बसा. एवढ्या व्हायच्यात अजून."

इतक्या वर्षांत त्या घरात मला कुणी काम सांगितलं नव्हतं. मी आलो की खुर्ची यायची, पाण्याचा पेला ताटलीत यायचा. त्या दिवशी मी जमिनीवर मांडी घालून बसलो. केळीच्या सोपटाची दोरी भिजवून घ्यायची, मुळांकडून दोन वेढे द्यायचे आणि टोक आत खोचायचं. माझी जुडी दर वेळी सुटायची. ती न बोलता माझ्या हातातून घ्यायची, सोडवून पुन्हा बांधायची आणि टोपलीत टाकायची. ताई दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "भावोजी, तुमचं काम नाय हे." पण उठा म्हणाली नाही.

दुपारी पानं मांडली. मी साडूंच्या शेजारी बसलो, मुलगी माझ्यासमोर. ताई भाताचं पातेलं घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे आधी कुणाला वाढावं म्हणून क्षणभर उभी राहिली.

"आई, पप्पांना आधी वाढ," मुलगी म्हणाली.

ताईचा हात जागच्या जागी थांबला. साडूंनी मान खाली घातली. मुलगी मात्र माझ्याकडे सरळ बघत होती, तिचे डोळे भरले होते, पण तिने शब्द मागे घेतला नाही. ताई घाबरल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

मी ताट पुढे केलं आणि म्हणालो, "वाढा, ताई."